बॉम्बे डाइंगच्या चादरी आणि टॉवेल: दोन पावसाळ्यांच्या वापरानंतर

रत्नागिरीत थिबा राजवाड्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर आमचे घर आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावरील चार खोल्या आम्ही गेली काही वर्षे पर्यटकांना राहायला देतो. जेवण, चहा, नळाच्या पाण्याचा दाब, गाडी लावायला जागा, अशा सगळ्या गोष्टींवर पाहुणे मोकळेपणाने बोलतात. परंतु रात्री दार लावून घेतल्यावर त्यांचा खरा संबंध येतो तो अंगाखालच्या चादरीशी आणि सकाळी हाती येणाऱ्या टॉवेलशी. या दोन वस्तू नीट नसतील, तर बाकीच्या सगळ्या आदरातिथ्यावर पाणी पडते. म्हणून मागच्याच्या मागच्या अक्षय्य तृतीयेला मी जुन्या चादरी एकदम बाद केल्या आणि बॉम्बे डाइंगच्या शुद्ध सुती चादरींचे 16 संच व 24 टॉवेल घेतले. तेव्हापासून दोन पावसाळे गेले आहेत, एकेक चादर पन्नासाहून अधिक वेळा धुतली गेली आहे, आणि आता त्यांच्याविषयी काही लिहिण्याइतका अनुभव माझ्या गाठीशी जमला आहे असे मला वाटते.

हे कापड मी कसे पाहिले ते आधी सांगते. माझे सासरे, ज्यांना आम्ही मामंजी म्हणतो, मुंबईत गिरणगावातील एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या खात्यात, 22 वर्षे होते, आणि त्यांच्याजवळ अजूनही धागे मोजायचे घडीचे पितळी भिंग आहे. हे भिंग उघडून कापडावर ठेवले की खाली एक इंच लांब आणि एक इंच रुंद एवढाच चौकोन दिसतो आणि त्यातील उभे व आडवे धागे सुईच्या टोकाने एकेक करून मोजता येतात. पाकिटावर ज्याला थ्रेड काउंट म्हणून छापलेले असते, तो आकडा म्हणजे याच दोन मोजण्यांची बेरीज. आपल्याकडे रोजच्या वापरातील सुती चादरींत हा आकडा साधारण 100 ते 150 च्या दरम्यान असतो, आणि 200 च्या पुढे गेले की कापड हाताला तलम लागू लागते. 800 किंवा 1,000 असे आकडे पाहून मात्र हुरळून जाऊ नये, कारण अनेकदा पदरी धाग्यातील प्रत्येक पदर वेगळा धरून ही बेरीज फुगवलेली असते. आम्ही घेतलेल्या चादरींपैकी तीन उघडून मामंजींनी खिडकीपाशी बसून मोजल्या, तेव्हा त्यांची मोजणी पाकिटावरच्या आकड्याशी दोन-चार धाग्यांच्या फरकाने जुळली. "कापड बोटांनी वाचायचं, सूनबाई, छापील चित्रावर जायचं नाही," असे ते म्हणाले आणि मग चादरीची किनार दोन बोटांत धरून तिच्यावरून टोकापर्यंत हात फिरवला.

किनारीविषयी त्यांचे म्हणणे मला दोन वर्षांत पुरते पटले. चादर मधोमध क्वचितच फाटते. ती पहिल्यांदा जाते ती पायथ्याच्या बाजूला, जिथे गादीखाली खोचताना दररोज ताण बसतो आणि जिथे शिवणीचे टाके विरळ असले की दुमड उसवू लागते. आमच्या या चादरींची दुमड दोनदा आत घेतलेली आहे, टाके जवळजवळ आहेत, आणि कोपऱ्यांवर शिवण उलट फिरवून पक्की केलेली आहे. उशीच्या अभ्र्यांना आतून मोठी झडप आहे, त्यामुळे उशी सरकून बाहेर येत नाही. 16 संचांतील 32 अभ्र्यांपैकी एकाचीही शिवण अजून उसवलेली नाही, ही गोष्ट ज्या घरात धुणे यंत्रात आणि पिळणे हाताने होते त्या घरात लहान म्हणता येणार नाही.

रंगाची परीक्षा आमच्याकडे उन्हापेक्षा पावसाळ्यात होते. रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि आषाढात असे आठवडे येतात की धुतलेले कापड दोरीवर दोन दिवस राहिले तरी त्याला दमटपणा आणि कुबट वास राहतोच. मागच्या पडवीत आम्ही छताला सहा दोऱ्या बांधल्या आहेत, खाली दोन पंखे लावले आहेत, आणि तरीही जाड कापड असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळीसुद्धा दुमडीच्या जागी ओल हाताला लागते. या मध्यम जाडीच्या सुती चादरी सकाळी नऊला टाकल्या की पंख्याखाली रात्रीपर्यंत वाळतात, आणि नंतर इस्त्री फिरवली की उरलीसुरली ओल निघून जाते. निळ्या आणि गेरूच्या रंगाच्या चादरी पहिल्या दोन वेळा वेगळ्या धुतल्या, पाण्यात थोडा रंग उतरला, तिसऱ्या वेळी पाणी स्वच्छ आले. आज त्या नव्या दिसत नाहीत, दिसायलाही नकोत, परंतु फुलांच्या कडा अजून रेखीव आहेत आणि पांढरी जमीन पिवळी पडलेली नाही. सुती कापड धुतल्यावर आटतेच, कोणत्याही कंपनीचे असो. म्हणून पहिल्या धुण्याआधी आणि नंतर पट्टीने मोजून ठेवावे; आमच्याकडे शंभर इंचांत सुमारे तीन इंच फरक पडला, जो मला रास्त वाटतो.

मापाचा मुद्दा मी थोडा विस्ताराने मांडते, कारण घरोघरी सर्वाधिक पस्तावा याच एका गोष्टीवरून होताना मी पाहते. आपल्याकडची दुहेरी गादी बहुधा 72 बाय 78 इंचांची असते आणि बाजारात सर्रास मिळणारी दुहेरी चादर 90 बाय 100 इंचांची. रुंदीत 18 इंच जास्त, म्हणजे दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच. गादी कापसाची, चार इंच जाडीची असेल तर खाली खोचायला पाच इंच उरतात आणि चादर रात्रभर जागची हलत नाही. तीच गादी आठ इंचांची, स्प्रिंगची असेल, तर हाती एकच इंच राहतो, आणि चादर आटल्यावर तोही राहत नाही. मग सकाळी चादर गादीच्या मध्यावर गोळा झालेली सापडते आणि दोष मात्र कापडाला दिला जातो. आमच्या दोन खोल्यांत जाड गाद्या आहेत, तिथे 108 बाय 108 इंचांची चादरच लागते. दुकानात जाताना गादीची लांबी-रुंदी सगळे सांगतात. जाडी कोणी मोजून नेत नाही. ती मोजून न्यावी.

टॉवेलांच्या बाबतीत माझे मत खरेदीनंतर बदलले, म्हणून तेही नोंदवते. टॉवेल जितका जाड तितका चांगला, अशी माझी पूर्वीची समजूत होती. टॉवेलाची जाडी दर चौरस मीटरला किती ग्रॅम यावर मोजतात. 75 बाय 150 सेंटिमीटरच्या टॉवेलाचे क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटरच्या थोडे आत, म्हणजे 1.125 भरते, त्यामुळे 450 ग्रॅमच्या कापडाचा टॉवेल सुमारे अर्धा किलो आणि 600 ग्रॅमच्या कापडाचा पावणेसातशे ग्रॅम वजनाचा असतो. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवून कोणीही हे ताडून पाहू शकते. कोरड्या हवेच्या गावी जाड टॉवेल सुखाचा. कोकणात तो श्रावणात वाळतच नाही, आणि अर्धवट ओला टॉवेल पाहुण्याच्या हाती देण्यापेक्षा पंचा दिलेला बरा. मी 24 टॉवेलांपैकी 16 मध्यम वजनाचे घेतले होते आणि आठ जाड. आज सांगायचे तर मध्यम टॉवेलांनी पाणी उत्तम टिपले, त्यांच्या फासांचे धागे ओढले गेले नाहीत, आणि चार धुण्यांनंतर अंगावरची खळ व चकाकी निघून गेल्यावर ते अधिकच शोषक झाले. जाड टॉवेल आम्ही आता दिवाळी ते होळी एवढ्याच काळात काढतो. कपड्यांना सुगंधी मऊपणा आणणारे द्रव टॉवेलाला कधीही लावू नये, त्याने फासांवर थर बसतो आणि टॉवेल पाणी पुसण्याऐवजी पसरवतो.

आता ज्या कारणासाठी मी मुख्यतः लिहायला बसले तिकडे वळते. शुद्ध सुती चादर, सुती-पॉलिएस्टर मिश्रणाची चादर आणि निव्वळ पॉलिएस्टरची मऊ चादर, असे तिन्ही प्रकार आज एकाच नावाखाली, जवळजवळ सारख्या पाकिटात आणि सारख्याच फुलाफुलांच्या नक्षीत मिळतात. बॉम्बे डाइंगही हे सगळे प्रकार विकते. त्यात लपवाछपवी काही नाही, कारण धाग्याचा प्रकार पाकिटावर छापलेला असतो. परंतु तो बारीक अक्षरांत असतो, आणि गिऱ्हाईक नाव वाचून थांबते, कारण त्या नावाचा अर्थ त्याच्या मनात एकच आहे: आईच्या कपाटातली ती सुती चादर. काही वर्षांपूर्वी एका दुकानात, ज्याचे नाव मी घेणार नाही, मला अगदी वेगळ्या, अनोळखी छापाच्या सहा चादरी शुद्ध सुती म्हणून दिल्या गेल्या. घरी आल्यावर मामंजींनी कडेचा एक धागा उपसून काडीने पेटवला. सुताचा धागा कागदासारखा जळतो, त्याला कागद जळल्याचाच वास येतो आणि मागे चिमटीत चुरगळणारी राख राहते. हा धागा आक्रसला, वितळला आणि त्याच्या टोकाला टाचणीच्या माथ्याएवढा काळा टणक मणी झाला. दुकानदाराने पाकीट फोडल्याचे कारण सांगून माल परत घेतला नाही. त्या चादरी तीन महिन्यांत बारीक गोळ्यांनी भरल्या आणि उन्हाळ्यात त्यांच्यावर झोपलेल्या पाहुण्यांनी घामाची तक्रार केली, ती अगदी योग्य होती.

मिश्र धाग्याला माझा सरसकट विरोध नाही. तो लवकर वाळतो, त्याला चुण्या कमी पडतात, तो स्वस्त असतो, आणि वसतिगृहात किंवा प्रवासात त्याचा उपयोग आहे. स्वतः बॉम्बे डाइंगचा पाताळगंगेचा कारखाना पॉलिएस्टरचा धागा बनवण्यासाठी लागणारे तंतू तयार करतो, म्हणजे हा व्यवहार त्या घराला नवा नाही. माझा आग्रह एवढाच आहे की धाग्याचा प्रकार पाकिटाच्या दर्शनी बाजूला, मोठ्या अक्षरांत आणि मराठीतही छापावा. सव्वाशेहून अधिक वर्षे ज्या नावावर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, त्या नावाने गिऱ्हाइकाचे डोळे उघडून देण्याचे काम स्वतःहून करावे, अशी अपेक्षा ठेवण्यात मला काही जास्तीचे वाटत नाही.

त्या विश्वासाचा इतिहास मोठा आहे, आणि आमच्या गावाशी तो अशा रीतीने जोडलेला आहे की चहाच्या वेळी राजवाडा पाहून आलेल्या पाहुण्यांना तो सांगितल्यावाचून मला राहवत नाही. बॉम्बे डाइंग ज्या वाडिया घराण्याची, त्याचे नावच सुरतेकडच्या जहाज बांधणाऱ्यांचे. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईला आले आणि त्यांच्या व त्यांच्या वंशजांच्या हाताखाली मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागवानाची जहाजे उभी राहिली. त्यांतील 1817 चे 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरात आजही पाण्यावर आहे, आणि 1813 च्या 'कॉर्नवॉलिस'वर 1842 साली तो नानकिंगचा तह झाला ज्याने हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. लाकडाची जहाजे मागे पडली तेव्हा याच घराण्यातील नवरोजी वाडिया यांनी 1879 मध्ये बॉम्बे डाइंग काढली. आरंभी एका लहानशा विटांच्या शेडमध्ये सुताच्या लडी हाताने लाल, नारिंगी आणि हिरव्या रंगात बुडवून उन्हात वाळत घालत असत. कंपनीच्या नावात 'डाइंग' आहे ते यामुळे, आणि चादरीच्या पक्क्या रंगाचे मी वर जे कौतुक केले त्याची मुळे या धंद्याच्या पहिल्याच कामात आहेत.

रत्नागिरीचा संबंध येतो तो दुसऱ्या कंपनीमुळे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही 1863 ची कंपनी आज वाडिया समूहात आहे, परंतु तेव्हा ती वॉलेस नावाच्या स्कॉटिश बंधूंची होती, आणि जे घडले त्याचा भार वाडियांवर टाकणे अन्यायाचे होईल. ही कंपनी ब्रह्मदेशातील जंगलांतून सागवान काढत असे. प्रत्यक्षात नेलेल्या ओंडक्यांपेक्षा कमी ओंडके दाखवून राजाचे पैसे बुडवले, असा आरोप 1885 मध्ये तिच्यावर झाला आणि मंडालेच्या, म्हणजे ब्रह्मदेशाच्या थिबा राजाच्या, दरबाराने सुमारे 23 लाख रुपयांचा दंड ठोठावला. फ्रेंचांचे त्या दरबारात वाढत चाललेले वजन इंग्रजांना आधीच खुपत होते. त्यात हे निमित्त मिळाले. त्यांनी 22 ऑक्टोबरला निर्वाणीचा खलिता पाठवला, नोव्हेंबरमध्ये फौज इरावतीतून वर चढली, महिनाअखेर थिबा राजा कैद झाला आणि पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासह रत्नागिरीला आणून ठेवले. तो राजवाडा 1910 मध्ये बांधून झाला आणि 1916 मध्ये राजाने इथेच देह ठेवला. एक आख्खे राज्य ओंडक्यांच्या मोजणीच्या भांडणात गेले, असे सांगितले की पाहुणे गप्प होतात. मामंजींनी तर ही हकीकत पहिल्यांदा ऐकल्यावर दोनदा विचारले होते, "ओंडके मोजले कोणी, आणि कोणाच्या समोर?"

घराण्याच्या पुढच्या काळातील एक गोष्ट मला मनापासून आवडते. 1971 मध्ये नेव्हिल वाडिया बॉम्बे डाइंग विकायला निघाले होते. त्यांचा मुलगा नस्ली तेव्हा अवघा 26 वर्षांचा होता. त्याने आई दीना वाडिया, बहीण, स्नेही आणि जे. आर. डी. टाटा यांच्या मदतीने समभाग गोळा केले, आणि कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी आपल्या बचतीतून समभाग घेण्याची तयारी दाखवली. वडिलांना विक्रीचा बेत सोडावा लागला, आणि 1977 पासून नस्ली वाडिया कंपनीचे अध्यक्ष झाले. ज्या कर्मचाऱ्यांनी आपल्या पोटाला चिमटा काढून ठेवलेला पैसा मालकाच्या घरातल्या तंट्यात पुढे केला, त्यांच्या मनात त्या कंपनीविषयी काय असेल, याची कल्पना मला मामंजींकडे पाहून येते. गिरणी दुसऱ्याची असली, तरी ते आजही तिला 'आमची गिरणी'च म्हणतात.

पुढे जे झाले ते सगळ्या गिरणगावाचे झाले. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यातून मुंबईचा कापडधंदा पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. गिरण्यांच्या जमिनींचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्या प्रकरणाला बॉम्बे डाइंगचेच नाव आहे, आणि 2006 च्या निकालाने जमिनींच्या विकासाचा मार्ग मोकळा झाला. दादर-नायगावच्या स्प्रिंग मिलच्या जागेवर आज उंच निवासी मनोरे आहेत, आणि वरळीची सुमारे 22 एकर जमीन 2023 मध्ये एका जपानी समूहाच्या कंपनीला सुमारे 5,200 कोटी रुपयांना देण्याचा व्यवहार ठरला. त्याच जमिनींच्या वाट्यातून गिरणी कामगारांसाठी घरेही झाली. बॉम्बे डाइंग, स्प्रिंग आणि श्रीनिवास या गिरण्यांच्या कामगारांसाठी 2020 मध्ये म्हाडाने 3,894 घरांची सोडत काढली. ही घरे मिळाली त्यांचा आनंद खरा आहे, आणि ज्यांची नावे अजून कोणत्याच यादीत लागलेली नाहीत अशा कोकणातल्या घरांची वाट पाहणेही तितकेच खरे आहे. कंपनीच्या ताळेबंदात जमिनीची रक्कम मोठी दिसते. माझ्या लेखी तिची पत अजून कापडावरच ठरते.

आज पाकिटावर बॉम्बे डाइंग हे नाव असले म्हणून आतले कापड मुंबईच्या साच्यावर विणलेले असते, असे समजण्याचे कारण नाही. पाकिटाच्या मागे 'निर्माता' आणि 'विपणन' अशा दोन वेगळ्या ओळी असतात, त्या वाचाव्यात. बाहेरून माल करवून घेण्यात गैर काही नाही, बहुतेक मोठी घरे आता तेच करतात. परंतु मग तपासणीची जबाबदारी नाव देणाऱ्यावर दुप्पट येते. मी घेतलेल्या 16 संचांत ती तपासणी झाल्याचे दिसले. सर्व चादरींचे माप सारखे निघाले, नक्षी किनारीला समांतर होती, आणि वेगवेगळ्या संचांतील एकाच रंगाच्या अभ्र्यांत डोळ्यांना जाणवेल असा फरक नव्हता. पाहुण्यांच्या खोल्या चालवणाऱ्याला या शेवटच्या गोष्टीची किंमत कळेल, कारण एक अभ्रा हरवला की जोडीचा दुसरा मिळणे हीच मोठी अडचण असते.

समूहाच्या बाकीच्या व्यवसायांविषयी थोडेच लिहिते. ब्रिटानिया 1892 मध्ये कोलकात्यात 295 रुपयांच्या भांडवलावर सुरू झाली होती, आता ती वाडियांकडे आहे, तिचे कारखाने आखातातही आहेत, आणि तिची मारी बिस्किटे आमच्याकडे सकाळच्या चहाबरोबर रोज जातात. त्यांच्यात मला उणे काढण्यासारखे काही सापडलेले नाही. विमानाच्या धंद्यात मात्र हे घराणे टिकले नाही. 2005 मध्ये सुरू झालेली गो एअर, म्हणजे नंतरची गो फर्स्ट, हिची उड्डाणे मे 2023 मध्ये थांबली ती थांबलीच, आणि पुढे कंपनी अवसायनात गेली. त्यात प्रवाशांचे पैसे अडकले आणि कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, हे विसरून केवळ जुन्या नावाचे गोडवे गाणे मला जमणार नाही. जहाजे, सुती कापड, चहा-कॉफीचे मळे, बिस्किटे आणि विमाने इतके वेगवेगळे उद्योग आजवर एका घराण्याच्या छत्राखाली आले, तरी गिऱ्हाइकाने प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवावा, आणि एका कंपनीची पुण्याई दुसरीच्या खात्यात जमा करू नये. मी हा लेख चादरी आणि टॉवेलांपुरता लिहिते आहे, आणि माझी शिफारसही तेवढ्यापुरतीच आहे.

ती शिफारस स्पष्ट शब्दांत अशी: शुद्ध सुती, मध्यम विणीची, फिकट जमिनीवर छापील नक्षी असलेली चादर घ्यावी. किनारपट्टीवर राहत असाल तर टॉवेल 450 ग्रॅमच्या आसपासचा घ्यावा. खरेदी सणाच्या सवलतीच्या दिवसांत करावी, कारण छापील किंमत आणि प्रत्यक्ष भाव यांत त्या वेळी बरेच अंतर पडते. पाकीट दुकानातच, दुकानदाराच्या परवानगीने उघडून किनार, कोपरे आणि अभ्र्याची झडप पाहावी, आणि परवानगी मिळत नसेल तर दुसरे दुकान गाठावे. पावतीवर 'शुद्ध सुती' असे लिहून मागावे. मी आता तसे लिहून घेतल्याशिवाय पैसे देत नाही, आणि एकाही दुकानदाराने अजून त्याला नकार दिलेला नाही.

या दिवाळीसाठी मी जाड गाद्यांच्या दोन खोल्यांकरिता 108 बाय 108 इंचांचे आठ संच मागवले आहेत, त्यात पांढरी शुभ्र एकही चादर नाही, कारण कोकणातील लाल मातीत फिरून आलेल्या मुलांच्या पायांपुढे ती टिकत नाही. जुन्या 16 संचांपैकी चौदा पुढची दोन वर्षे सहज चालतील. उरलेल्या दोन चादरी धुऊन धुऊन इतक्या मऊ झाल्या आहेत की त्या मी पाहुण्यांच्या खोल्यांतून काढून खाली मामंजींच्या खाटेवर घातल्या. त्यांनी त्या रात्री दिव्याखाली भिंग उघडून धागे पुन्हा मोजले, आणि सकाळी चहा घेताना आकडा मला सांगितला. तो पहिल्या दिवशीच्या मोजणीपेक्षा इंचाला तीन धाग्यांनी जास्त होता. कापड आटून दाट झाले आहे, असे ते म्हणाले.